आधी पालथा करून पाहा
जुने गेमिंग कन्सोल विकत घेताना आणि त्यांत फेरफार करताना

विकायला काढलेल्या प्लेस्टेशन २ च्या फोटोत काळा डबा असतो, दोन रिमोट असतात, शेजारी डिस्कची चळत असते. डब्याच्या पोटाखालचं स्टिकर मात्र बहुधा नसतं. आणि घेणाऱ्याला पुढे यंत्रात काही फेरफार करायचे असतील, तर निम्मा निर्णय त्या स्टिकरवरच व्हायचा असतो. एससीपीएच-५०००४ आणि एससीपीएच-९०००४ ही दोन्ही यंत्रं प्लेस्टेशन २ च आणि गेमच्या डिस्कही दोन्हींना त्याच लागतात. पण पहिल्यात हार्ड डिस्क बसवायला खण आहे, दुसऱ्यात तो नाही. पहिलं मेमरी कार्डाच्या वाटेने ताब्यात घेता येतं. दुसऱ्यात ती वाट उघडी आहे की बंद, हे कारखान्यातून बाहेर पडण्याच्या तारखेवर ठरतं.

एकाच नावाखाली कंपनी यंत्र सात-आठ वर्षं विकते, प्लेस्टेशन २ तर २००० पासून जवळजवळ तेरा वर्षं विकला गेला. तेवढ्या काळात आतला बोर्ड कितीदा तरी बदलतो. भाग स्वस्त होतात, दोन चिपांचं काम एक करू लागते, सापडलेल्या चोरवाटा बुजवल्या जातात. एखादा जुना रोग बरा होतो आणि त्याच फटक्यात एखादी सोयही जाते. त्यामुळे ‘कोणता कन्सोल चांगला’ या प्रश्नाला एकट्याने अर्थ नाही. कोणता दोष आपल्याला सोसवतो आणि कोणतं काम आपल्या हाताला जमतं, ते आधी ठरवावं लागतं.

फेरफार कशासाठी?

पहिलं कारण झीज. डिस्क वाचणारी लेसर लेन्स वर्षागणिक मंद होते. रबरी पट्टे सैल पडतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतला द्रव सोडतात आणि तो बोर्ड खातो. सेगाचा १९९० चा गेम गिअर हा हातातला कन्सोल या रोगाचं ठळक उदाहरण: कपॅसिटर बदलल्याशिवाय त्यातून धड आवाज येत नाही आणि चित्रही फिकट पडतं. डिस्कच्या यंत्रांत मंदावलेल्या लेन्सच्या जागी मेमरी कार्ड किंवा हार्ड डिस्क बसवणं ही चैन नाही, तो आयुष्य वाढवायचा उपाय आहे.

दुसरं कारण गेम. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम बाजारात मिळेनासे झाल्याचं दिसलं. आपल्याकडचीही उदाहरणं आहेत. ईए कंपनीचा ‘क्रिकेट ०७’ नोव्हेंबर २००६ मध्ये आला. त्यात भारतीय खेळाडूंची खरी नावं नव्हती, तरी आपल्या एका पिढीने तो झिजेपर्यंत खेळला. त्यानंतर त्या कंपनीने या मालिकेत क्रिकेट काढलंच नाही. २००९ मध्ये हैदराबादेत बनलेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ आणि कबड्डी, विटीदांडू असे खेळ असलेला ‘देसी अड्डा’ हे प्लेस्टेशन २ साठी भारतात तयार झालेले गेम. ते खेळायचे तर जुनं यंत्र धडधाकट असायला हवं.

तिसरी गोष्ट खास आपली. लॅमिंग्टन रोडवर, हिरा पन्नात किंवा दिल्लीच्या पालिका बाजारात त्या काळी घेतलेला कन्सोल बहुधा कॉपी डिस्क चालवणारी चिप लावूनच घरी यायचा. म्हणजे आज इथे सेकंडहँड मिळणाऱ्या यंत्रात कुणीतरी वीस वर्षांपूर्वी सोल्डरिंग गन चालवलेली असण्याची शक्यता दाट. प्लेस्टेशन २ च्या मॅट्रिक्स इन्फिनिटी किंवा मोडबोसारख्या चिपेला बोर्डावर ठिकठिकाणी केसासारख्या बारीक तारा जोडाव्या लागत. काम नेटकं असेल तर उत्तम. पण ग्लूगनचे गोळे, काळपट फ्लक्स, झाकणाखाली चिमटलेली तार असं काही दिसलं तर भाव निम्मा करावा किंवा पुढे जावं. कॉपी डिस्क मूळ डिस्कइतका प्रकाश परत पाठवत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावरच आयुष्य काढलेल्या लेन्सची परीक्षा मूळ डिस्क लावूनही घ्यावी आणि कॉपी लावूनही.

नव्वदच्या दशकात घरोघरी आलेले ‘टीव्ही गेम’ मात्र या यादीत धरू नयेत. ते बहुतेक निन्टेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. नंतरच्या नकला उघडल्या की हिरव्या बोर्डावर एकच काळा राळेचा गोळा दिसतो. अख्खा कन्सोल त्याच्याखाली गाडलेला. त्यात फेरफार करायला काही उरलेलंच नसतं. आठवण म्हणून घ्यावा, प्रकल्प म्हणून नको.

प्लेस्टेशन २ : जाड की बारीक?

सोळा कोटींहून जास्त विकल्या गेलेल्या या यंत्राचे सुटे भाग मुबलक आहेत, म्हणून नवशिक्याने इथून सुरुवात करावी. ३०००० ते ५०००० क्रमांकांच्या जाड मॉडेलांत मागे मोठा खण असतो. त्यात नेटवर्क अॅडॉप्टर आणि साडेतीन इंची हार्ड डिस्क बसते. ही सोय सोनीने स्वतःच दिली होती. ‘फायनल फँटसी ११’ या ऑनलाइन गेमसाठी अमेरिकेत ४० जीबीची डिस्कही विकली होती. २००४ मध्ये ७०००० क्रमांकाचं बारीक मॉडेल आलं. त्यात नेटवर्कचं पोर्ट अंगचंच होतं, पण खण गेला. २००५ च्या अखेरीस ७५००० मालिकेत जुन्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर काढून त्याची नक्कल करणारी वेगळी चिप आली आणि काही गेम अडखळू लागले. अडणाऱ्या गेमची यादी सोनीनेच जाहीर केली होती.

ताबा घेण्याची सगळ्यांत सोपी वाट म्हणजे २००८ मध्ये आलेलं ‘फ्री मॅकबूट’. यंत्र सुरू होताना मेमरी कार्डावर अपडेट आहे का ते पाहतं. फ्री मॅकबूट त्या अपडेटचं सोंग घेऊन आत शिरतं. ना चिप, ना डाग. नको झालं तर कार्ड काढायचं, यंत्र जसंच्या तसं. सोनीने हे दार ९०००० मालिकेच्या मध्यावर बंद केलं. स्टिकरवरच्या तारीख-खुणेत आकडा वर्षाचा आणि अक्षर तिमाहीचं असतं. ‘८बी’ म्हणजे २००८ ची दुसरी तिमाही, तिथपर्यंत निर्धास्त. ‘८सी’मध्ये दोन्ही प्रकारचे बोर्ड सापडतात. ‘८डी’पासून आशा सोडावी.

गेम कुठून चालवायचा हाही हिशेब आहे. पुढच्या यूएसबी पोर्टचा वेग सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे मूळ डीव्हीडी ड्राइव्हच्या कितीतरी खाली. पेनड्राइव्हवरून गेम चालतो, पण मधली चित्रफीत आली की धक्के खातो. जाड मॉडेलात हार्ड डिस्क, बारीक मॉडेलात नेटवर्कची केबल, आणि कोणत्याही मॉडेलात मेमरी कार्डाच्या खाचेत बसणारा एमएक्स४एसआयओ हा एसडी कार्डाचा अॅडॉप्टर असे पर्याय आहेत.

एक्सबॉक्स : दुखणं आणि औषध

मायक्रोसॉफ्टचा २००१ चा पहिला एक्सबॉक्स म्हणजे ७३३ मेगाहर्ट्झचा इंटेल प्रोसेसर, ६४ एमबी मेमरी आणि ८ जीबी हार्ड डिस्क असलेला संगणकच. एमआयटीतल्या अँड्र्यू ‘बनी’ हुआंग यांनी बोर्डावरच्या दोन चिपांमधली धावती माहिती पकडून त्याची गुप्त किल्ली काढली आणि २००३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. आज टीव्हीवर सिनेमे पाहायला अनेक जण वापरतात तो ‘कोडी’ प्लेअर याच फेरफार केलेल्या एक्सबॉक्सवर जन्मला.

हे यंत्र चालू स्थितीत मिळालं तरी आधी उघडावं लागतं. आत सोनेरी वेष्टनातला एक छोटा उभा कपॅसिटर असतो. प्लग काढल्यावर काही तास घड्याळ चालू ठेवणं एवढंच त्याचं काम. तो गळतो. गळलेला द्रव बोर्डावरच्या बारीक तांब्याच्या रेघा खातो. मग बटण दाबूनही यंत्र सुरू होत नाही, किंवा कुणी हात न लावता आपोआप सुरू होतं. उपाय साधा: दोन्ही पायांचा डाग वितळवून कपॅसिटर काढायचा, जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून पुसायची आणि भिंगातून रेघा तपासायच्या. नवा लावायची गरज नाही. प्लग काढल्यावर तारीख विसरते, इतकंच.

१.० ते १.५ या आवृत्त्यांत हे काम टाळता येत नाही. २००४ च्या १.६ आवृत्तीत चांगला कपॅसिटर आला. पण आधीच्या आवृत्त्यांत बोर्डावरची बायोस चिप दोन बिंदू जोडून पुन्हा लिहिता यायची, ती सोय १.६ मध्ये गेली. आता निवड हाताच्या तयारीवर. सोल्डरिंग येत असेल तर जुनी आवृत्ती घ्यावी, येत नसेल तर १.६ घेऊन ‘मेकअसॉल्ट’ किंवा ‘स्प्लिंटर सेल’च्या खास सेव्ह फाइलमधून सॉफ्टवेअरचा फेरफार करावा. दोन्हींत एक काम पहिल्या दिवशीच उरकावं. एक्सबॉक्सची हार्ड डिस्क बोर्डावरच्या किल्लीने कुलूपबंद असते, त्या किल्लीची प्रत संगणकावर ठेवावी. बोर्ड मेला आणि प्रत नसली की डिस्कही गेली.

वी, ड्रीमकास्ट आणि मागाहून उघडलेली दारं

ज्याला सोल्डरिंग गनला हातच लावायचा नसेल, त्याने निन्टेंडोचा २००६ चा वी घ्यावा. त्याचं कुलूप ‘टीम ट्विझर्स’ या गटाने अक्षरशः चिमट्याने काढलं. वी जुन्या गेमक्यूबचं सोंग घेतो तेव्हा मेमरीचा थोडाच भाग उघडा ठेवतो. या मंडळींनी बोर्डावरचे बिंदू चिमट्याने जोडून ती चौकट सरकवली, झाकलेला भाग वाचला आणि किल्ल्या मिळवल्या. नंतर ‘लेटरबॉम्ब’ आला, आणि तेव्हापासून एक एसडी कार्ड पुरतं. स्टिकरवर आरव्हीएल-००१ असेल तर वरच्या झाकणाखाली गेमक्यूबच्या रिमोटची पोर्टं मिळतात. २०११ च्या आरव्हीएल-१०१ मध्ये ती नाहीत.

सेगाचा ड्रीमकास्ट जेमतेम अडीच वर्षं बनला. मार्च २००१ मध्ये उत्पादन थांबलं. गाण्यांच्या खास सीडींसाठी ठेवलेल्या सोयीतून साध्या सीडीवरचे गेम चालू लागले, चिपेची गरजच पडली नाही. ड्राइव्हच्या जागी एसडी कार्ड घालणारा जीडीईएमयू हा बोर्ड हवा असेल तर स्टिकरवर वर्तुळात १ आकडा आहे ना ते पाहावं.

बंद दार कायम बंदच राहतं असंही नाही. सोनीच्या पीएसपीत शिरायला २००७ मध्ये बॅटरीचा अनुक्रमांक बदललेली ‘पँडोरा’ बॅटरी लागायची आणि नंतरच्या बोर्डांवर तीही चालेना. आज शेवटच्या फर्मवेअरवरही निव्वळ सॉफ्टवेअरने काम होतं. प्लेस्टेशन २ च्या डीव्हीडी प्लेअरमधली चूक वापरणारं ‘फ्री डीव्हीडी बूट’ २०२० मध्ये आलं, तेव्हा मेमरी कार्डाला न बधणाऱ्या उशिराच्या मॉडेलांतही वाट मिळाली. कंपनी जुन्या यंत्राच्या दुरुस्त्या थांबवते, शोधणारे थांबत नाहीत. घरात पडलेलं ‘चुकीचं’ मॉडेल भंगारात घालण्याआधी वर्षभर थांबायला हरकत नसते.

आपली वीज, आपला टीव्ही

परदेशातून कुणी कन्सोल आणला, तर चालू करण्याआधी व्होल्टेज वाचावं. अमेरिकेतला जाड प्लेस्टेशन २ १२० व्होल्टचा, जपानी १०० चा. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात तो थेट घातला की पॉवर सप्लाय गेला. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. ७०००० ते ७९००० च्या बारीक मॉडेलांत आणि वीमध्ये अॅडॉप्टर बाहेर असतो, तो बदलला की झालं. ९०००० मध्ये पॉवर सप्लाय पुन्हा आत गेला. मॉडेल क्रमांकाचा शेवटचा आकडा मुलूख सांगतो: ० जपान, १ अमेरिका, ४ युरोप, ६ हाँगकाँग-सिंगापूर.

चित्राचंही तसंच. आपली पाल पद्धत सेकंदाला ५० वेळा चित्र रंगवते, अमेरिका-जपानची पद्धत ६० वेळा. नीट न बेतलेले जुने गेम पालवर सुमारे १७ टक्के हळू चालतात. पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरींचं चित्र आजच्या मोठ्या पॅनेलवर ओशाळवाणं दिसतं. फेरफारांवर खर्च करण्याआधी कंपोनंट केबलवर खर्च करावा.

कायदा काय म्हणतो?

भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये ६५ए कलम आलं. हक्कभंगाच्या हेतूने संरक्षणाचा तांत्रिक उपाय मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. इथे ‘हेतू’ हा शब्द वजनदार आहे. दुसरीकडे कायदेशीर प्रत जवळ असणाऱ्याला संगणकीय प्रोग्रॅम गमावू नये म्हणून बॅक-अप ठेवायची मुभा कलम ५२ देतं. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये प्लेस्टेशनच्या मॉडचिपेच्या खटल्यात सोनीविरुद्ध निकाल दिला, अमेरिकेचा १९९८ चा कायदा मात्र बराच कडक आहे. स्वतःच्या डिस्कची प्रत हार्ड डिस्कवर घेणं आणि हजार गेम भरलेला कन्सोल विकणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आपल्याकडे बाजारात दुसरा प्रकारच जास्त दिसतो. अशा यंत्रात काय भरलंय ते विकणाऱ्यालाही धड माहीत नसतं.

क्रम

आधी सॉफ्टवेअर, मग बाहेरून लावायचा अॅडॉप्टर, मग ड्राइव्हची अदलाबदल आणि सगळ्यांत शेवटी सोल्डरिंग. परत फिरता येईल तितका फेरफार चांगला, कारण वाटा बदलत असतात आणि आज कापलेली तार उद्याच्या सोप्या उपायाला आडवी येते. काढलेली मूळ ड्राइव्ह आणि स्क्रू पिशवीत घालून, वर क्रमांक लिहून ठेवावेत.

पहिलं यंत्र म्हणून आरव्हीएल-००१ किंवा ५०००० मालिकेतला प्लेस्टेशन २ घ्यावा. एक्सबॉक्स तिसरा. मधल्या काळात भंगारवाल्याकडून एखादा मेलेला सेट-टॉप बॉक्स आणून त्याचे कपॅसिटर काढून पुन्हा लावायचा सराव करावा. जुने बोर्ड आता कुणी बनवत नाही, आणि शिकाऊ हाताने उखडलेली तांब्याची रेघ पुन्हा जोडता येते, पण ते काम शिकायला आणखी वर्ष लागतं.