शके १२१२ : एका संख्येचे गुण

नेवासें हें अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर, जिल्ह्यांतील प्रवरेकांठचें गांव. ज्ञानदेवांनीं गीतेवरील आपली टीका येथें सांगून पुरी केली तें शके १२१२ हें वर्ष पुष्कळ मराठी घरांतून मुलांसहि ठाऊक असतें. हा आंकडा वर्ष म्हणून न पाहतां निव्वळ संख्या म्हणून पाहिला तर काय सांपडतें?

१२१२ म्हणजे १२ गुणिले १०१. तिचे भाजक १, २, ३, ४, ६, १२ आणि या प्रत्येकाची १०१ पट, असे एकंदर बारा. स्वतः ती संख्या वगळून उरलेल्या अकरांची बेरीज १६४४ येते. ती १२१२ हून मोठी, म्हणून प्राचीन ग्रीकांच्या वर्गवारींत ही संख्या 'अधिक' ठरते. अशा संख्या विपुल असल्यानें यांत फारसें नवल नाहीं.

खरी मौज शेजारच्या नाशिक जिल्ह्यांत, देवळालीस शाळेंत शिकविणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांच्या (१९०५–१९८६) कसोट्या लावल्या म्हणजे दिसते. एखाद्या संख्येंत तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी : २१ मध्यें २ आणि १ मिळविले कीं २४ होतात. २१ ही २४ ची जननी. पण २० ला जननी सांपडत नाहीं. अशा संख्येस कापरेकरांनीं 'स्वयंभू' म्हटलें.

१२१२ ची जननी शोधावी. तिच्याहून लहान संख्यांची अंकबेरीज २७ च्या पुढें जात नाहीं, तेव्हां शोध ११८५ ते १२११ एवढ्यांतच. शिवाय कोणतीहि संख्या व तिची अंकबेरीज यांना ९ नें भागलें असतां बाकी सारखीच उरते. १२१२ ची बाकी ६. म्हणून जननीची ३ हवी. अशा संख्या तीनच : ११९१, १२००, १२०९. त्यांपासून १२०३, पुन्हा १२०३ आणि १२२१ निघतात. १२१२ निघत नाहीं. ती स्वयंभू आहे. तिची अंकबेरीज ६, आणि ६ नें तिला निःशेष भाग जातो. म्हणून कापरेकरांच्याच शब्दांत ती 'हर्षद'हि आहे.

भाविकास यांत संकेत दिसावा हें स्वाभाविक आहे. पण तेंच वर्ष इसवी सनानें १२९० होतें, आणि १२९० हर्षदहि नाहीं, स्वयंभूहि नाहीं. तिची जननी १२७५. आणि ज्ञानदेवांचा जन्म शके ११९७ चा धरला तर त्याचें इसवी सन नेमकें १२७५ येतें! एका गणनेनें वर्ष स्वयंभू, दुसरीनें जन्मवर्षापासून निघालेलें. दोन्ही योगायोगच.

असे गुण संख्येपेक्षां तिच्या लेखनाचे अधिक असतात. दहांऐवजीं बारांचे गट करून लिहिण्याची रीत असती, तर हीच संख्या ८, ५, ० या अंकांनीं लिहावी लागली असती. त्यांची बेरीज १३, आणि १३ नें भागतां ३ उरतात. हर्षदपण तेथें टिकत नाहीं; भाजक मात्र त्याहि लेखनांत बाराच राहतात.