पावसाळ्यापूर्वी जुन्या जीपची निगा व घरच्या घरी करावयाच्या सुधारणा

कर्जत व खालापूर तालुक्यांत जीप ही चैनीची वस्तू नाही. भाताचे बियाणे व खत बांधापर्यंत नेणे, वालाच्या शेंगा व भाजीपाला वाशीच्या बाजारात पोहोचविणे, आणि वेळप्रसंगी वाडीवरील आजारी माणसास रात्री दवाखान्यात आणणे ही सर्व कामे तिच्यावरच होतात. १९९० च्या दशकातील कमांडर, एमएम-५४०, १९९४ मध्ये आलेली टाटा सुमो किंवा २००० सालानंतरची बोलेरो अशा जुन्या गाड्या आजही आपल्याकडे धावताना दिसतात. त्यांची रचना साधी आहे. साधी हत्यारे व थोडी चिकाटी असेल तर निगेचा बराच भाग शेतकऱ्यास स्वतः करता येतो. कोणते काम स्वतः करावे, कोणते मिस्त्रीकडे सोपवावे आणि कोणते मुळीच करू नये, याची माहिती येथे दिली आहे.

आधी नोंद, मग बदल

भाताचे नवीन वाण आपण पहिल्याच वर्षी सर्व खाचरांत लावीत नाही. एका खाचरात कर्जत-७, शेजारच्या खाचरात नेहमीचे वाण, खत व पाणी सारखे, आणि शेवटी दोन्हींचे उत्पन्न मोजून निर्णय, ही पद्धत आपल्या परिचयाची आहे. गाडीसही हीच पद्धत लावावी. एका वेळी एकच बदल करावा व त्याचा परिणाम वहीत नोंदवावा. हवेची जाळी, टायरची हवा व इंजिन ऑइल एकाच दिवशी बदलले, तर फायदा कशामुळे झाला ते कळत नाही.

डिझेलचा खप पुढीलप्रमाणे मोजावा. टाकी काठोकाठ भरून किलोमीटरचा आकडा लिहावा. सुमारे ३०० कि.मी. नेहमीप्रमाणे गाडी चालवून त्याच पंपावर टाकी पुन्हा तेवढीच भरावी. समजा ३२४ कि.मी. धाव झाली व २७ लिटर डिझेल बसले, तर सरासरी लिटरला १२ कि.मी. आली. बदल करण्यापूर्वी दोन वेळा व बदलानंतर दोन वेळा अशी मोजणी करावी. एका मोजणीवर विश्वास ठेवू नये, कारण बोरघाट चढून लोणावळ्यास गेलेली खेप आणि सपाटीवरची खेप यांची तुलना होत नाही.

१. हवा व डिझेल

मळणीच्या दिवसांत भाताची कूस व धूळ हवेच्या जाळीत बसते. हवा कमी पडली की धूर काळा येतो, ताकद घटते व डिझेल वाया जाते. जुन्या गाड्यांत तेलाची वाटी असलेला फिल्टर असतो. वाटीतील गाळ काढून ती डिझेलने धुवावी व खुणेपर्यंतच नवीन तेल भरावे. कागदी फिल्टर दगडावर आपटू नये, पाण्याने धुऊ नये. आतून बाहेर हलक्या दाबाची हवा मारावी, आणि कागद फाटला असल्यास तो बदलावा. फाटक्या कागदातून गेलेली धूळ सिलिंडर व पिस्टन झिजवते.

पावसाळ्यात टाकीत ओलावा धरतो. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते व पंपापर्यंत गेले तर पंप गंजतो. फिल्टरखालील वाटीचा स्क्रू आठवड्यातून एकदा सैल करून पाणी काढून टाकावे. त्यानंतर गाडी सुरू न झाल्यास नळीत हवा शिरली असे समजावे. हातपंप दाबीत फिल्टरवरील हवेचा स्क्रू थोडा सैल करावा व बुडबुड्यांशिवाय डिझेल येऊ लागताच तो आवळावा. सेल्फ पुन्हा पुन्हा मारून बॅटरी उतरवू नये.

२. डिफरन्शियलचा श्वास

ओढा ओलांडणाऱ्या प्रत्येक जीपमालकाने हा भाग नीट वाचावा. धावून तापलेले डिफरन्शियल थंड पाण्यात शिरले की आतील हवा एकदम आकुंचन पावते व बाहेरून काहीतरी ओढून घेते. यासाठी घरावर एक बारीक श्वासनळी दिलेली असते. ती चिखलाने बुजलेली असेल तर सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते, आणि नळीच पाण्याखाली गेली तर तिच्यातूनच पाणी शिरते. पाणी मिसळलेले तेल दुधी दिसते. ते दातांना वंगण देत नाही व बेअरिंग लवकर जाते.

उपाय स्वस्त आहे. श्वासनळी काढून स्वच्छ करावी. तिच्या तोंडावर तेलास टिकणारी रबरी नळी क्लिपने बसवून ती चासीच्या कडेने उंचावर, बॉनेटच्या आत बॅटरीच्या पातळीपर्यंत आणावी. टोक खाली वळवावे म्हणजे पावसाचे पाणी शिरणार नाही. चाक वर-खाली होताना नळी ताणली जाणार नाही इतकी ढील ठेवावी व ती सायलेन्सरपासून दूर बांधावी. पाण्यातून गेल्यावर दुसऱ्या दिवशी, गाडी उभी असताना, खालचा बोल्ट थोडा सैल करून पहिले काही थेंब पाहावेत. पाणी किंवा दुधी रंग दिसल्यास सर्व तेल बदलावे.

नळी उंच केली म्हणजे पूर ओलांडता येतो असे मात्र नाही. उल्हास नदी किती झपाट्याने चढते ते २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली तेव्हा सर्वांनी पाहिले. वाहते पाणी गुडघ्याच्या वर असेल तर जीपदेखील वाहून जाऊ शकते. अशा वेळी गाडी अलीकडेच थांबवावी.

३. दिव्यांचा उजेड

घाटात धुके व पाऊस असताना जुन्या गाडीचे दिवे मिणमिणतात. पुष्कळजण १०० वॅटचे दिवे बसवितात. परिणामी बटण व वायर तापून वितळते, समोरच्याचे डोळे दिपतात व मूळ दोष तसाच राहतो. दोष बहुधा वायरीत असतो. जुन्या गाडीत सर्व प्रवाह बॅटरीपासून बटणापर्यंत जाऊन परत पुढे येतो व वाटेत व्होल्टेज गळते. व्होल्टेज १० टक्के घटले तर उजेड सुमारे ३० टक्के घटतो.

इंजिन चालू ठेवून व दिवे लावून मल्टिमीटरने आधी बॅटरीवर व नंतर दिव्याच्या मागील जोडावर व्होल्टेज मोजावे. फरक एका व्होल्टपेक्षा जास्त असल्यास प्रथम अर्थिंगची तार सोडवून, गंज खरडून, घट्ट बसवावी व पुन्हा मोजावे. बरेचदा एवढ्यानेच काम भागते. न भागल्यास रिले बसवावा. बॅटरीच्या धन टोकापासून फ्यूजमार्गे २.५ चौ. मि.मी.ची तार रिलेच्या ३० क्रमांकास जोडावी, ८७ क्रमांकाची तार दिव्यास न्यावी, दिव्याकडे येणारी जुनी तार ८६ ला व ८५ चासीस जोडावा. डिपर व अप्पर यांना वेगळे रिले लागतात. ५५ वॅटचे दोन दिवे सुमारे ९ अँपिअर ओढतात, म्हणून १५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. फ्यूज बॅटरीलगतच असावा, नाहीतर घासलेली तार आग लावते. काही गाड्यांत बटण अर्थच्या बाजूला असते. जोडणी अशी वेगळी दिसल्यास ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवूनच काम करावे.

४. ब्रेक : तपासणी आपली, दुरुस्ती मिस्त्रीची

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट-३ प्रकारचे नवे तेल २०५ अंशांच्या वर उकळते, परंतु ओलावा धरल्यावर हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. भरलेली गाडी बोरघाट उतरताना ब्रेक तापतात, तेलात वाफेचे बुडबुडे होतात व पाय सरळ तळाला जातो. म्हणून दर दोन वर्षांनी, तेल चांगले दिसत असले तरीही, ते बदलून घ्यावे. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा.

आठवड्यातून एकदा इंजिन चालू ठेवून पेडल दाबून मिनिटभर धरावे. ते हळूहळू खाली जात असल्यास गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर खराब आहे. अशी गाडी घाटात नेऊ नये. चाकाच्या आतील बाजूस ओल दिसली तरी मिस्त्रीस दाखवावे. पाण्यातून बाहेर पडल्यावर सावकाश चालत चार-पाच वेळा पेडल हलके दाबून लायनर वाळवावेत.

५. गंज व ग्रीस

चिखल वाळू न देता धुवावा. दाराखालची व पाटावरची निचऱ्याची भोके काडीने मोकळी करावीत. खाचरातील पाण्याचा निचरा आपण पाहतो, तसाच हा. गंज पत्र्यापर्यंत खरडून प्रायमर व रंग द्यावा. जळके ऑइल गाडीखाली फवारण्याची पद्धत सोडावी. त्याने रबरी बुश व ब्रेकच्या नळ्या फुगतात आणि अंगणातील माती व विहीर नासते. पाट्यांचे शॅकल, क्रॉस व स्टिअरिंगचे सांधे यांना ग्रीस गनने नवे ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत ग्रीस द्यावे. जुन्याबरोबर पाणी व माती बाहेर पडते.

काय करू नये

फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नये. भक्कम लाकडी ठोकळे लावावेत व चाकांना दगड लावावेत. विजेचे काम करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढावी. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकू नये. आधी रेडिएटरच्या जाळीत अडकलेला पेंढा व चिखल इंजिनाच्या बाजूने पाणी मारून काढावा.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हे स्पष्ट केले आहे. पुढचे लोखंडी बंपर, मोठे टायर, बदललेले इंजिन किंवा कापलेली बॉडी यांमुळे १५ वर्षांनंतरच्या नूतनीकरणात अडचण येते व अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडू शकतो.

हंगामवार वेळापत्रक

मृगापूर्वी : ब्रेक, वायपर, टायर, दिवे, श्वासनळी व निचऱ्याची भोके.
पावसाळ्यात दर आठवड्यास : डिझेलमधील पाणी, पेडलची चाचणी, खालून धुणे.
दसऱ्यास : पूजेपूर्वी ग्रीस, डिफरन्शियलचे तेल व गंजाची पाहणी.
मळणीनंतर : हवेची जाळी, रेडिएटर व इंजिन ऑइल.

गाडीत एक वही व पेन ठेवावे. वहीतील दोन वर्षांच्या नोंदी पाहिल्या की कोणता भाग कधी थकतो हे कळू लागते, आणि रात्री-अपरात्री वाडीवरून हाक आली तर गाडी निघेल की नाही ही चिंता उरत नाही.