आगाऊ मूल्याचे दूरध्वनी-कार्ड आणि हंगामी मजूर : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात

दूरध्वनी-सेवेचे मूल्य दोन रीतींनी वसूल करता येते. एकीत बोलणे आधी व देयक मागाहून. दुसरीत पैसे आधी व बोलणे मागाहून. वरवर पाहता हा केवळ हिशेबाचा फरक आहे. परंतु या व्यवहारात उधार कोण कोणास देतो, असा प्रश्न केला म्हणजे त्याचे आर्थिक स्वरूप निराळे दिसू लागते. परभणी जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांचे उदाहरण समोर ठेवून त्याचाच थोडा विचार येथे करावयाचा आहे.

मागाहून देयक पाठवावयाचे तर ग्राहकाचा पत्ता स्थिर हवा, त्याची प्राप्ती नियमित हवी आणि अनामत रक्कम भरण्याची ऐपतही हवी. गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागांतील अनेक कुटुंबांजवळ यांपैकी एकही गोष्ट नसते. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रातील वा कर्नाटकातील एखाद्या कारखान्याच्या परिसरात कोपी घालून राहतात आणि गळीत हंगाम संपला की परततात. सहा महिने घराला कुलूप, अथवा घरी केवळ वृद्ध माणसे व मुले. अशा कुटुंबाने देयक कोणत्या पत्त्यावर घ्यावे आणि कोणत्या महिन्याच्या प्राप्तीतून फेडावे?

सार्वजनिक दूरध्वनीसाठी कार्डाचा वापर इटलीत १९७६ मध्ये सुरू झाला. पेट्यांत टाकावयाच्या नाण्यांची अडचण दूर करणे हा त्यामागील एक हेतू होता. आपल्याकडे कार्ड आले ते निराळ्या रूपात. भारत संचार निगमच्या कार्डावरील पट्टी खरवडली की गुप्त क्रमांक दिसे. तो कोणत्याही साध्या दूरध्वनीवरून नोंदवला की संभाषणाचा आकार त्या यंत्राच्या मालकाच्या नावे न पडता कार्डातून वजा होई. दुसऱ्याच्या घरून फोन करणाऱ्यास यामुळे उपकाराचे ओझे राहत नसे. हा लाभ पैशांत मोजता येत नाही. पण शेजारधर्माची मर्यादा ज्याने अनुभवली आहे, त्यास तो समजावून सांगण्याचे कारण नाही.

येथे एक रास्त आक्षेप संभवतो. गावोगावच्या एस.टी.डी. केंद्रांतही रोख पैसे देऊनच बोलता येत होते. तेथे तरी पत कोठे लागत होती? आक्षेप खरा आहे. मात्र केंद्रातून बोलता येई, बोलावणे घेता येत नसे. फडात ऊस तोडणाऱ्या माणसापर्यंत गावाकडील निरोप पोचविणे त्या केंद्राच्या आवाक्याबाहेरचे होते. ही उणीव भ्रमणध्वनीच्या प्रीपेड कार्डाने भरून काढली. १ मे २००३ पासून येणाऱ्या संभाषणाचा आकार बंद झाला आणि कार्डात जेमतेम शिल्लक असली तरी, मुदत संपेपर्यंत, माणूस सापडू लागला. ‘मिस्ड कॉल’ ही फुकटची खूण याच व्यवस्थेतून रूढ झाली. ओळखीची कागदपत्रे तेव्हाही लागत; परंतु ओळख सिद्ध करणे आणि पत सिद्ध करणे यांत पुष्कळ अंतर आहे.

या मजुराच्या जीवनात आगाऊ रक्कम ही नवी गोष्ट नव्हे. हंगामापूर्वी तो मुकादमाकडून ‘उचल’ घेतो. नवरा-बायकोच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात आणि त्या कोयत्यावर उचल ठरते. पुढे सबंध हंगामभर ती श्रमाने फेडावयाची. फिटली नाही तर बाकी पुढील वर्षाच्या मानेवर. म्हणजे श्रम विकताना तो ऋणको असतो. प्रीपेड कार्ड घेताना तोच माणूस कंपनीचा धनको होतो : सेवा मिळण्यापूर्वीच तो पैसे मोजतो, आणि त्यावर व्याज मागत नाही. या कार्डाचा खरा लाभ माझ्या मते येथे आहे. संपले तर बोलणे थांबते, पण कर्ज उरत नाही.

हे कार्ड स्वस्त होते असा समज मात्र करून घेऊ नये. दहा रुपयांच्या कुपनात बोलण्यासाठी बहुधा दहा रुपये मिळत नसत. कर व शुल्क वजा होऊन उरेल ते. मिठापासून चहापत्तीपर्यंत सर्वच जिन्नस पुडीने घेणाऱ्यास जे जादा मोजावे लागते, तेच येथेही होते. तरीही पुडीच परवडते, कारण एकदम किलोभर घेण्यास पैसे नसतात.

ही पुडीच पुढे नाहीशी होत गेली. २००५-०६ च्या सुमारास आजीवन मुदतीच्या योजना निघाल्या होत्या. २०१८ च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी किमान ३५ रुपयांचे, २८ दिवसांचे कार्ड आवश्यक केले. महिना २८ दिवसांचा धरला की वर्षात बारा नव्हे, तेरा हप्ते होतात. जुलै २०२४ मध्ये दोन प्रमुख कंपन्यांची २८ दिवसांची प्राथमिक योजना १७९ वरून १९९ रुपयांवर गेली. एक क्रमांक फडात आणि दुसरा गावी आजीजवळ, असे दोन धरले तर हा खर्च दुप्पट.

डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने केवळ संभाषण व लघुसंदेश यांसाठी स्वतंत्र योजना देण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. ज्यास आंतरजाल नको, त्याने त्याचे मूल्य का द्यावे, हा त्यामागील विचार योग्यच होता. तथापि जानेवारी २०२५ मध्ये ज्या योजना बाजारात आल्या, त्यांपैकी प्रमुख योजना ८४ दिवसांच्या व साडेचारशे रुपयांच्या आसपासच्या होत्या. दिवसाचा दर पाहिला तर त्या किफायतशीर ठरतात. पण टोळ्या परततात चैत्र-वैशाखात. मृगाच्या तोंडावर बी-बियाणे घ्यावयाचे असते आणि नवी उचल मिळण्यास अजून कित्येक महिने अवकाश असतो. त्या दिवसांत साडेचारशे रुपये एकरकमी काढणे अवघड, आणि दहा रुपयांचे कुपन घालून क्रमांक चालू ठेवण्याची वाट आता बंद झालेली.