फ्लॉपी ते न्हावा शेवा

१९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी ‘ब्रेन’ हा व्हायरस लिहिला. फ्लॉपी एका हातातून दुसऱ्या हातात जाईल तेवढाच त्याचा वेग. डिसेंबर १९८९ मध्ये एड्सविषयी माहिती म्हणून टपालाने हजारो फ्लॉप्या धाडल्या गेल्या. ज्याने ती चालवली, त्याचा कॉम्प्युटर पुढे नव्वदेक वेळा सुरू झाला की फायलींची नावं अगम्य होत आणि पनामातल्या टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवण्याचा हुकूम पडद्यावर येई. कॉम्प्युटरवरची खंडणी, म्हणजे रॅन्समवेअर, तिथून सुरू झाली.

नव्वदच्या दशकात पुण्यात काटकर बंधूंच्या दुकानात व्हायरसने बिघडलेले कॉम्प्युटर दुरुस्तीला येऊ लागले. धाकट्या संजय यांनी त्यावर उतारा लिहिला, थोरल्या कैलास यांनी तो विकायला काढला आणि त्यातून ‘क्विक हील’ उभी राहिली. मे २००० मध्ये फिलिपिन्समधून निघालेला ‘आय लव्ह यू’ ईमेलवरून काही तासांत जगभर पोचला.

माझ्या मते खरं वळण आलं २०१७ मध्ये. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ हा रॅन्समवेअर पसरला. ज्या भगदाडातून तो शिरला, ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. दोन महिने हातात असूनही ब्रिटनमधल्या रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, याची चीड आजही येते.

२७ जूनला आलेला ‘नॉटपेट्या’ त्याहून घातकी. युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून तो घुसला आणि एका मशीनवरचे पासवर्ड उचलून अपडेट केलेल्या मशीनवरही गेला. खंडणी मागायचा, पण ती भरूनही डेटा परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती. न्हावा शेवाला जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या जहाजवाहतूक समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. कुठला कंटेनर कुणाचा, हेच कळेना. पुढे मर्स्कने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे केले. ते जमलं कशामुळे? नेटवर्कवर कोणाला काय मुभा आहे हे ठरवणाऱ्या डोमेन कंट्रोलरच्या जगभरच्या प्रती एकमेकींना जोडलेल्या होत्या, त्यामुळे त्या एकदमच पुसल्या गेल्या. घानात वीज गेल्यामुळे त्यातली एक नेटवर्कबाहेर होती. तेवढीच वाचली आणि तिच्यावरूनच बाकीचं पुन्हा उभं करता आलं.

घानात जे वीज गेल्यामुळे घडलं, ते आपल्याला ठरवून करता येतं. ‘आमचा बॅकअप आहे’ म्हणणारी कितीतरी ऑफिसं बॅकअपची हार्ड डिस्क कायम कॉम्प्युटरला लावून ठेवतात. रॅन्समवेअर तीही कुलूपबंद करतं. आता तर व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून ॲपची एपीके फाइल येते आणि ती उघडून इन्स्टॉल करणाऱ्याच्या फोनमधले ओटीपी परस्पर पळवले जातात. खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणून येते. ॲप इन्स्टॉल करायला सांगणारी पत्रिका पाठवणारा ओळखीचा असला तरी उघडू नका, आधी त्याला फोन करा. अपडेट आला की त्याच दिवशी घाला. आणि या रविवारी फोटो, कागदपत्रं, हिशेब एका हार्ड डिस्कवर उतरवून ती काढून कपाटात ठेवा.