श्वानप्रदर्शनांतील शिष्टाचार

कुत्र्यांचें प्रदर्शन म्हणजे श्रीमंतांचा पोरखेळ, असा आपल्याकडे पुष्कळांचा समज आहे. व खरें सांगावयाचें तर कांहीं काळ आमचाही तो होता. परंतु अशा प्रदर्शनांचे नियम वाचून पाहिले, तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं, ते कुत्र्यांसाठीं नसून सर्वस्वी माणसांसाठीं आहेत. कुत्रा लबाडी करीत नाहीं. ती त्याच्या गळ्यांतील पट्टा ज्याच्या हातीं असतो त्यास सुचते. तिचा त्रास मात्र त्या मुक्या प्राण्यास सोसावा लागतो.

पद्धतशीर भरविलेलें पहिलें श्वानप्रदर्शन इंग्लंडांत न्यूकॅसल येथें १८५९ सालच्या जून महिन्यांत झालें. पॉइंटर व सेटर या शिकारी कुत्र्यांच्या दोनच जाती तेथें होत्या, व बक्षीस होतें बंदुकीचें. गंमत अशी कीं, पॉइंटरांत पहिला आलेला कुत्रा सेटरांच्या परीक्षकाचा निघाला, आणि सेटरांत पहिला आलेला पॉइंटरांच्या परीक्षकाचा! ते कुत्रे खरोखर उत्तमही असतील. पण अशा निकालावर विश्वास कोणीं ठेवावा? शिवाय एकाच नांवाचे अनेक कुत्रे निरनिराळ्या प्रदर्शनांत येत, आणि बक्षीस मिळविलेला कुत्रा नक्की कोणता हें सांगणें कठीण होई. पुढें १८७३ सालीं लंडन येथें ‘केनेल क्लब’ स्थापन झाला व १८८० पासून कुत्र्यांच्या नांवांची नोंदणी सुरू झाली. आज भारतांत चेन्नई येथील ‘केनेल क्लब ऑफ इंडिया’ ही संस्था हें काम पाहते. नोंदणीच्या वेळीं कुत्र्याच्या कातडीखालीं एक बारीकशी मायक्रोचिप बसवितात. म्हणजे एकाच्या जागीं दुसरा उभा करण्याची सोयच उरत नाहीं.

आतां रिंगणांतील वागणुकीकडे वळूं. परीक्षक प्रत्येक कुत्रा त्या जातीच्या ठरलेल्या लक्षणांशीं ताडून पाहतो. दांत, डोळे, खांदे, पाठ यांवरून तो हात फिरवितो, व मग कुत्र्यास चालवून त्याची चाल पाहतो. हें सारें अवघ्या दोन-तीन मिनिटांत उरकावें लागतें. म्हणून धरणारानें कुत्रा व परीक्षक यांच्यामध्यें येऊं नये, पुढच्या कुत्र्याच्या अंगावर आपला कुत्रा नेऊं नये, व खाऊचे तुकडे जमिनीवर सांडूं नयेत, कारण मागून येणाऱ्याचें नाक लगेच तेथें गुंतते. पट्टा वर ओढून कुत्र्याचे पुढचे पाय अधांतरीं करणें ही वाईट खोड आहे. मान ताठ दिसते खरी, परंतु श्वास कोंडतो.

परीक्षकाशीं बोलणें तो विचारील तेवढेंच. कुत्र्याचें नांव, घराणें वा पूर्वीचीं पदकें त्यास सांगावयाचीं नाहींत. धरणाऱ्याच्या दंडावर केवळ क्रमांक असतो, आणि परीक्षा संपेपर्यंत नांवांची यादी परीक्षकाच्या हातीं पडत नाहीं. न्यूकॅसलच्या त्या बंदुकांची आठवण येथें कोणासही होईल.

एकदां एका प्रदर्शनांत आम्हीं असें पाहिलें कीं, रिंगणांत एक गृहस्थ कुत्रा धरून उभे होते, आणि दोरीपलीकडे गर्दींत त्यांच्या घरच्या बाई किल्ल्यांचा जुडगा वाजवून कुत्र्याचे कान टवकारवीत होत्या. आम्हांस तें कौतुकाचें वाटलें. पण शेजारच्या एका जाणकारानें सांगितलें कीं, बाहेरून अशी मदत करणें नियमाविरुद्ध आहे. त्या आवाजानें आणखी चार कुत्रे बावरले होते, हें आम्हीं नंतर पाहिलें.

कुत्रा नटविण्याचा प्रश्न याहून अवघड आहे. न्हाऊं घालणें, विंचरणें, नखें कापणें हें योग्यच. परंतु केसांचा मूळ रंग अथवा पोत बदलेल असा कोणताही पदार्थ लावून कुत्रा परीक्षेस आणावयाचा नाहीं. पूर्वी कित्येक जातींत कान टोकदार दिसावे म्हणून ते कापीत असत. इंग्लंडांत १८९८ सालीं अशा कुत्र्यांस प्रदर्शनाचें दार बंद झालें, तेव्हां कित्येक हौशी लोक फार रागावले होते म्हणतात. कुत्र्यांस मात्र राग आला नसावा.

तरीही खोल गेलेलें दुखणें कात्रीनें केलेलें नव्हतें. चपटें नाक, सैल पापण्या, जड अंग यांसच सौंदर्य मानून लोक पिढ्यानपिढ्या तशींच पिलें निपजवीत आले. २०१२ सालीं ‘क्रफ्ट्स’ या इंग्लंडच्या मोठ्या प्रदर्शनांत पंधरा जातींतील पहिल्या आलेल्या कुत्र्यांस प्रथमच पशुवैद्यापुढें नेण्यांत आलें. सहा जातींचे विजेते त्या तपासणींत नापास झाले. त्यांत बुलडॉग, पेकिनीज व बॅसेट हाउंड होते. त्यांस पुढच्या फेरींत जाऊं दिलें नाहीं. मालकांनीं पुष्कळ गवगवा केला; आम्हांस मात्र परीक्षकाच्या मागें वैद्य बसविण्याची ही कल्पना फार उशिरां सुचली असें वाटतें.

निकाल पटला नाहीं तर रिंगणांत वाद घालावयाचा नसतो. ठरलेली रक्कम भरून लेखी तक्रार द्यावी, असा नियम आहे. परीक्षकाचें मत तुमच्याहून निराळें पडलें, एवढी गोष्ट तक्रारीस पुरेशी नाहीं. हरलेल्यानें पदक फेकणें अथवा कुत्र्यास हिसडा देणें हें तर लाजिरवाणें होय. मोठमोठ्या प्रदर्शनांत मुलामुलींच्या निराळ्या स्पर्धा असतात व तेथें कुत्र्यास गुण न देतां, मूल त्यास कसें वागवितें यालाच गुण देतात. आमच्या मतें ही सर्वांत अवघड परीक्षा.

त्याच प्रदर्शनांत आमच्या ओळखीचा एक तेरा-चौदा वर्षांचा मुलगा आपला कारवान कुत्रा घेऊन आला होता. लांब पायांचा, सडपातळ, सशामागें धांवणारा हा कुत्रा आपल्या दक्षिण महाराष्ट्रांतला व त्यापलीकडील कर्नाटकांतला. केनेल क्लब ऑफ इंडियानें त्यास देशी जात म्हणून मान्यता दिलेली आहे. मुलानें तीन महिने पहांटे उठून त्यास चालीचा सराव दिला होता. नांव पुकारलें जाण्यास थोडा वेळ असतांना कुत्रा मागचा डावा पाय किंचित् उचलून टाकीत आहे, असें त्याच्या नजरेस आलें. मुलाचे वडील म्हणाले, “दोन मिनिटांचा प्रश्न आहे, कोणास कळणार?” मुलगा कांहीं बोलला नाहीं. तो खालीं बसला, त्यानें पंजा उलटा करून पाहिला, बोटांच्या मध्यें बाभळीचा कांटा मोडलेला होता. त्यानें दंडावरचा क्रमांक सोडून कारभाऱ्यांच्या मेजावर नेऊन ठेवला, आणि कुत्र्यास सावलींत नेऊन वाटींत पाणी ओतलें. त्यांच्या जातीची परीक्षा चालली होती तोंवर बापलेक दोघेही दोरीपाशीं न जातां कांटा काढीत बसले होते.