ओट्याखालचे गणित

स्वयंपाकघरातील ओट्याखाली बसणारे कपाट ही वरवर पाहता पाच-सहा फळ्यांची साधी पेटी असते. मात्र तिच्यातील एकाही फळीचे माप दुसरीपासून सुटे नसते. रुंदी बदलली की तळफळी बदलते, तळफळीबरोबर आतला कप्पा, पाठीमागची फळी, पुढची दारे आणि ट्रॉलीच्या बाजूंची मोकळीक या सर्वांना नवी मापे द्यावी लागतात, आणि त्यातले एखादे बदलायचे राहून गेले तर ती चूक बहुधा माल कापून झाल्यावरच उमगते. मापांचे हे परस्परावलंबन संगणकाला एकदा समजावून द्यायचे आणि पुढे मोजकी मूळ मापे बदलून संपूर्ण कपाट नव्याने आखून घ्यायचे, या पद्धतीला ‘पॅरामेट्रिक मॉडेलिंग’ म्हणतात. ज्या मूळ मापांवर बाकीची मापे ठरतात त्यांना गणिताच्या परिभाषेत प्राचले म्हणतात. कपाटाच्या बाबतीत बाहेरील रुंदी, उंची, खोली, प्लायची जाडी आणि दारांमधील फट ही सामान्यतः प्राचले असतात आणि उरलेली सारी मापे त्यांच्यापासून निघतात.

छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वर्तुळाला ही पद्धत परकी नाही. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला, त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांची साखळी उभी राहिली, आणि साचे व डाय यांचे आरेखन संगणकावर करणे हे तेथील अभियंत्यांचे नित्याचे काम झाले. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये तरुणांना याच विद्येचे प्रशिक्षण मिळते. फर्निचरच्या छोट्या कारखान्यात मात्र आराखडा अजूनही प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलीने काढला जातो आणि मापे फूट, इंच व सुतांत बोलली जातात. याला मागासलेपण म्हणणे उथळपणाचे ठरेल. अनुभवी मिस्त्री प्रत्येक फळी नव्याने मोजत बसत नाही. ‘बाहेरची रुंदी वजा दोन जाड्या म्हणजे आतला गाळा’ असे डझनावारी नियम त्याच्या डोक्यात पक्के असतात, म्हणजेच तो प्राचलांतच विचार करत असतो. उणीव असते ती एवढीच, की ते नियम कुठे लिहिलेले नसतात आणि मिस्त्री गावी गेला की कामही थांबते.

संगणकावर आकृतीच्या भागांमध्ये नाते जोडण्याची कल्पना इव्हान सदरलँड यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत ‘स्केचपॅड’ या प्रणालीद्वारे प्रथम ठळकपणे दाखवली. ‘या दोन रेषा समांतर राहोत’ असे सांगितले की पुढे काहीही हलवले तरी त्या समांतरच राहत. अशा अटीला आज ‘कन्स्ट्रेंट’ किंवा बंधन म्हणतात. लेनिनग्राडहून अमेरिकेत गेलेले गणितज्ञ सॅम्युएल गाईसबर्ग यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीच्या ‘प्रो-इंजिनिअर’ने ही कल्पना त्याच दशकाच्या अखेरीस कारखान्यांत नेली. सुताराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना मात्र नंतरची आहे: २००२ पासून विकसित होत आलेली ‘फ्रीकॅड’ ही प्रणाली सर्वांना विनामूल्य उपलब्ध असून तिची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यामुळे शिकण्यासाठी लागणारा खर्च आता जवळजवळ संगणकापुरताच उरला आहे.

या विद्येची गरज युरोपपेक्षा मराठवाड्यातील स्वयंपाकघराला अधिक आहे, असे म्हटले तर ते अतिशयोक्त वाटेल, पण त्याला आधार आहे. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये आखलेल्या ‘फ्रँकफर्ट किचन’पासून युरोपात स्वयंपाकघराचे प्रमाणीकरण होत गेले, पुढे ६०० मिलिमीटर रुंदीचे ठरावीक खण आणि ३२ मिलिमीटर अंतरावर पाडलेल्या छिद्रांची पद्धत रूढ झाली. तेथे कपाट आधी ठरते आणि भिंतीने त्याला जागा द्यायची असते. येथे ओटा आधी घातला जातो. विटांच्या किंवा कडप्प्याच्या उभ्या आधारांवर ग्रॅनाइट बसते, खाली उरणारे खण गवंड्याच्या हातावर अवलंबून राहतात, आणि एकाच ओट्याखालचे दोन खण सहसा सारखे नसतात. इतकेच काय, एकाच खणाची वरची व खालची रुंदी सारखी निघाली तर मिस्त्रीलाच आश्चर्य वाटते. तीन ठिकाणी मोजून सर्वांत लहान माप धरायचे, हा नियम त्यातूनच आला. प्रत्येक खणासाठी निराळे कपाट आणि प्रत्येक कपाटाचे नियम मात्र एकच, अशा परिस्थितीसाठीच तर प्राचलांची योजना असते.

हे नियम लिहिताना कोठे घसरायला होते, ते एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. बाहेरील रुंदी ६०० मिलिमीटर आणि प्लाय १८ मिलिमीटर धरला तर तळफळी ६०० वजा ३६, म्हणजे ५६४ मिलिमीटर, असे सूत्र शिकणारा लगेच लिहितो. प्रत्यक्षात बाजूच्या फळीला बाहेरून १ मिलिमीटरचा सनमायका आणि आतून ०.८ मिलिमीटरचा लायनर आधी चिकटवून मग पेटी जोडली, तर फळीची जाडी १९.८ होते आणि तळफळी ५६०.४ मिलिमीटरच हवी. ५६४ ची तळफळी कापली गेल्यास पेटी बाहेरून ६०३.६ भरते, आणि ६०० साठी मोजलेल्या खणात ती शिरत नाही. फरक ३.६ मिलिमीटरचा, म्हणजे एका सुताहून किंचित अधिक. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. म्हणून जाडी हे एकच प्राचल न ठेवता प्लाय, बाहेरचा थर आणि आतला थर अशी तीन प्राचले करावी लागतात, आणि प्लायचे माप छापील आकड्यावरून न घेता व्हर्नियरने मोजून घ्यावे लागते.

याहून सूक्ष्म प्रश्न अवलंबनाच्या दिशेचा आहे. ड्रॉवर प्लायचा असेल तर त्याची रुंदी आतल्या गाळ्यातून दोन्ही बाजूंच्या चॅनलसाठी सुमारे २६ मिलिमीटर वजा करून काढता येते, म्हणजे गाळा मूळ आणि ड्रॉवर आश्रित. परंतु बाजारातून तयार स्टीलची ट्रॉली आणायची ठरली की तिची रुंदी बदलता येत नाही. मग ट्रॉली मूळ होते, गाळा तिच्यावरून ठरतो, बाहेरची रुंदी गाळ्यावरून ठरते आणि खणात उरलेली जागा पट्टीने भरावी लागते. कोणते माप कोणावर अवलंबून, हा निर्णय संगणक घेत नाही. प्रशिक्षणवर्गांत आज्ञावलीतील बटणे पुष्कळ शिकवली जातात आणि या निर्णयाकडे फारसे लक्ष दिले जात नाही, हे योग्य म्हणता येणार नाही; नवशिक्याने पहिले काही दिवस संगणक बंद ठेवून कागदावर मूळ व आश्रित मापांच्या याद्या केल्या तर पुढचे श्रम निम्म्याने वाचतात.

आकार आणि नियम यांतील हा भेद समजण्यासाठी शहरापासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या वेरुळचे दहावे लेणे पाहण्याजोगे आहे. ‘विश्वकर्मा’ किंवा ‘सुताराची झोपडी’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या चैत्यगृहाच्या कमानदार छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या अखंड दगडातून कोरलेल्या आहेत. लाकडी छपरात वाशांचे अंतर भारावर आणि लाकडाच्या ताकदीवर ठरते. कातळात त्या फासळ्या काहीही तोलत नाहीत, मूळ बांधणीचे रूप तेवढे जपतात. शिल्प म्हणून हे अप्रतिम आहे. संगणकावर केवळ रेषा ओढून काढलेल्या कपाटाच्या चित्राची स्थितीही तशीच असते: रूप अचूक, परंतु एक माप बदलले तर दुसऱ्याला त्याची वार्ता नसते.

प्रत्यक्ष आखणीत साधा आयत काढला तरी बंधनांचा अर्थ उलगडतो. बाजू आडव्या-उभ्या आणि कोपरे जुळलेले असे सांगितल्यावरही त्या आयताला चार गोष्टींची मोकळीक उरते: लांबी, रुंदी, आणि मूळ बिंदूपासूनची आडवी व उभी जागा. या चारही निश्चित झाल्या की फ्रीकॅडमध्ये आकृती हिरवी होते, म्हणजे तिच्यात अनिश्चित काही उरलेले नसते. आणखी एक अडचण शिकणाऱ्याला हमखास गाठते. बिजागरीच्या वाटीसाठी ३५ मिलिमीटरचे छिद्र दाराच्या एखाद्या पृष्ठाला टेकवून आखलेले असते. पुढे दाराला खाच पाडली की पृष्ठांचे अंतर्गत क्रमांक बदलतात आणि छिद्र भलत्याच पृष्ठावर जाऊन बसते. १.० आवृत्तीत हा दोष बराच कमी झाला आहे, तरीही छिद्रासारख्या गोष्टी तयार पृष्ठाऐवजी मूळ प्रतलांवरून आणि प्राचलांवरून मोजणे हीच सुरक्षित सवय.

कपाटाचे मॉडेल पुरे झाले की त्यातून कापणीची यादी निघते, आणि खरा पैसा येथे वाचतो किंवा जातो. ८ बाय ४ फुटांची प्लायची शीट साधारण २४४० बाय १२२० मिलिमीटरची असते. ‘बरोबर दोन फूट’ खोलीची बाजू हवी असा आग्रह धरला तर दोन बाजूंना १२१९.२ मिलिमीटर लागतात, शीटमध्ये त्या बसतात असे वाटते. परंतु करवतीचे पाते स्वतः ३ ते ४ मिलिमीटर लाकूड खाते, आणि दुसरी बाजू जवळजवळ तेवढीच अपुरी पडते. खोली ६०० केली की दोन्ही बाजू निघून वर थोडी पट्टीही उरते. ग्राहकासमोर प्राचल बदलून हा फरक शीटच्या संख्येत दाखवता येतो, आणि दहा मिलिमीटरसाठी हट्ट धरणारे मग फार थोडे उरतात.

संगणकाला मात्र लाकडाची जाण नसते. मांडणीची रुंदी ६०० वरून ९०० करावी असे म्हटले तर तो विनातक्रार करतो. परंतु दर फुटाला तेवढेच डबे व बरण्या ठेवल्या तर त्याच जाडीच्या फळीचा झोल लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे सुमारे पाचपट होतो. त्यामुळे ठरावीक रुंदीनंतर मधला आधार आपोआप यावा, ठरावीक रुंदीखाली दोन दारांऐवजी एकच दार यावे, १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरचा खण त्याच्या व्यासापेक्षा अरुंद करता येऊ नये आणि त्याच्या दाराला हवेची छिद्रे राहावीत, अशा अटीही सूत्रांत घालाव्या लागतात. मॉडेल तयार झाल्यावर रुंदी मुद्दाम ३०० आणि मग १२०० करून पाहावी. जेथे फळ्या एकमेकींत घुसतात किंवा दार उणे मापाचे होते, तेथे कोणता नियम लिहायचा राहिला ते नेमके कळते.

वाकड्या भिंतीचा प्रश्न एवढे करूनही सुटत नाही, आणि तो मॉडेलमध्ये सोडवण्याचा खटाटोप बहुधा महाग पडतो. कसलेले आरेखक पेटी काटकोनातच ठेवतात, तिच्या व भिंतीच्या मध्ये रुंद राखलेली एक पट्टी यादीत वाढीव मापाने लिहितात, आणि ती पट्टी भिंतीला लावून, रेघ मारून, रंध्याने जुळवण्याचे काम जागेवर मिस्त्रीकडेच सोपवतात.