पोटातला जंतुदोष आणि रक्ताचे आकडे

अपेंडिक्स फुटले किंवा आतड्याला छिद्र पडले की घाण पोटात पसरते. मग जंतुदोष सगळ्या शरीराला ग्रासतो. यालाच सेप्सिस म्हणतात. अशा वेळी दवाखान्यात सारखे रक्त काढतात, ते का, हे आम्ही इथे सांगत आहोत.

लॅक्टेट एरवी 2 च्या खाली असते. ते वाढले, तर बहुधा अवयवांना रक्त आणि प्राणवायू कमी पडतो आहे. उपचारानंतर काही तासांत उतरले तर आशा वाढते, चढतच राहिले तर जिवाला धोका. प्रोकॅल्सिटोनिन घटत गेले, तर जंतुदोष आटोक्यात येतो आहे. क्रिएटिनिन वाढणे ही मूत्रपिंड थकल्याची खूण. प्लेटलेट घसरणेही वाईटच. मात्र एका आकड्यावरून माणूस जगेल की नाही हे ठरत नाही. चढउतार पाहावा लागतो.

पोट फळीसारखे कडक, ताप, धाप, लघवी कमी, बरळणे असे दिसले, तर एरंडेल पाजू नका, पोट चोळू नका. 108 ला फोन करून शिरूर किंवा दौंडचे सरकारी रुग्णालय गाठा. पुढे ससूनला पाठवले, तर आधीचे सगळे रिपोर्ट सोबत न्या. आकडा चढतोय की उतरतोय, हे त्यावरूनच कळते.